चव बघितलेलं धरायचं नाही

कांजूरमार्गला आमच्या चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. हॉल लहान, माणसं भरपूर, आणि बसायला त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मी जेवून, हात धुऊन एका खुर्चीत निवांत बसलो होतो. मांडीवर आइस्क्रीमची वाटी होती. समोर मुलाकडचे एक काका मुलुंडमधल्या पार्किंगबद्दल बोलत होते.

खुर्ची मोडली नाही. मोडली असती तर आवाज झाला असता आणि लोकांना निदान दया आली असती. तिचे चारही पाय हळूहळू, अगदी शांतपणे, चार दिशांना फाकत गेले आणि मी वाटीसकट खाली खाली जात राहिलो. काकांनी बोलणं थांबवलं नाही. फक्त त्यांची मान माझ्याबरोबर खाली येत गेली. मी जमिनीवर टेकलो तेव्हा ते म्हणत होते, "...म्हणून म्हणतो, गाडी घ्यायच्या आधी जागा बघा."

शेजारच्या खुर्चीत माझी मोठी बहीण बसली होती. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी काढत, "मेल्या, ऊठ ना!" म्हणत ती मला हात द्यायला एका बाजूला वाकली, आणि तिच्या खुर्चीचा मागचा पाय कटकन गेला. आता आम्ही दोघं भावंडं शेजारी शेजारी फरशीवर बसलो होतो. माझी वाटी सरळ होती, ताईची साडी नीट होती, फक्त खुर्च्या नव्हत्या. फोटोग्राफरला वाटलं आम्ही मुद्दाम बसलोय. त्याने फोटो काढला. तो फोटो त्याच संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली एका मामेभावाने लिहिलं, "जमिनीशी नातं जोडून असलेली माणसं."

दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोने आम्हा दोघांना डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः रिक्षात घालून नेलं. माझं वजन भरलं चौऱ्याण्णव किलो, ताईचं त्र्याऐंशी. माझी साखर काठावर होती, ताईचे गुडघे काठ ओलांडून गेले होते. डॉक्टर आमच्या ओळखीचे, पंचवीस वर्षं मुलुंडलाच दवाखाना आहे. ते म्हणाले, "खाणं थोडं कमी करा, चालणं थोडं वाढवा. दहा दहा किलो उतरायला हवेत." आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "एवढंच सांगायला डॉक्टर कशाला हवा? हे तर कोणीही सांगेल. खरं काय ते तो सांगत नाहीये."

ताईबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही मूळचे देवगडकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा परळ सोडून मुलुंडला आले. आता एकाच बिल्डिंगमध्ये मी, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी चौथ्या मजल्यावर राहतो, ताई दुसऱ्यावर. भावोजी तीन वर्षांपूर्वी गेले, मुलगा नोकरीला बंगळुरूला. ताई घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते. वडे, कोंबडीचं सुकं, कोलंबीचा मसाला, सणावाराला करंज्या. तिच्या हाताला चव अशी आहे की घाटकोपरहून माणसं डबे घेऊन येतात. तिला फक्त एक सवय आहे, कुठलीही सोपी गोष्ट तिला खोटी वाटते.

त्यामुळे वजन कसं उतरवायचं याचा खरा शोध तिने मोबाइलवर सुरू केला. आठवड्याभरात तिने इतके व्हिडिओ बघितले की जाहिरातीसुद्धा तिला पोटाच्याच येऊ लागल्या.

पहिला उपाय लिंबू-मधाचा. सकाळी रिकाम्या पोटी कोमट पाण्यात लिंबू आणि मध. मी विचारलं, "याने होतं काय नक्की?"

"चरबी कापली जाते."

"कशी?"

"तेलकट भांडं कशाने निघतं?" ताईने विचारलं.

"लिंबाने."

"मग?"

मी पिशवी घेऊन लिंबं आणायला गेलो. तिच्या माहेरच्या, म्हणजे आमच्याच, एका नातेवाइकाने गावाहून अस्सल मधाची मोठी बाटली पाठवली होती. एका चमच्याने थोडी चरबी कापली जात असेल तर चार चमच्यांनी जास्त कापली जाईल, हा हिशेब मी स्वतःच लावला. शिवाय रिकामं पोट काही फक्त सकाळीच असतं असं नाही. दुपारी जेवायच्या आधी असतं, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तर असतंच. मी दिवसाला तीन ग्लास घेऊ लागलो. पाणी इतकं चविष्ट लागायचं की मी ग्लासात बोट फिरवून चाटायचो.

बारा दिवसांनी माझं वजन पंच्याण्णव झालं.

ताई अजिबात डगमगली नाही. "बरोबर आहे. चरबी आधी सुटते. सुटली की सैल होते. सैल झालं की फुगणारच."

या सगळ्यासाठी आम्ही एक वजनकाटाही आणला होता, काचेचा, आकडे दाखवणारा. तो आमच्या घरी ठेवला, कारण ताईच्या घरातल्या लाद्यांवर तो डुगडुगायचा. पण आमच्या घरातही तो जागा बदलली की मन बदलायचा. स्वयंपाकघरात मी पंच्याण्णव भरायचो, हॉलमध्ये चौऱ्याण्णव आणि थोडं वर, आणि गॅलरीत, तुळशीच्या कुंडीला लागून जो कोपरा आहे तिथे, चक्क त्र्याण्णव. ताईने घरभर फिरून तो कोपरा शोधून काढला आणि जाहीर केलं, "हीच खरी जागा. इथे जमीन सपाट आहे."

"इथे उतार आहे, ताई," बायको म्हणाली. "पावसाचं पाणी जायला."

"तुका काय कळता?" ताई म्हणाली. चिडली की ती मालवणीत जाते.

मग रोज सकाळी गॅलरीत वजन. ताई काट्यावर चढायच्या आधी बांगड्या काढायची, केसांतला चाप काढायची, श्वास सोडून द्यायची आणि शेवटी चष्माही काढून माझ्या हातात द्यायची. चष्मा काढल्यावर तिला आकडा दिसायचा नाही. "सांग, सांग लवकर, श्वास सोडलाय!" ती ओरडायची. मी आकडा सांगायचो. तो पटला नाही तर माझ्या डोळ्यांवर तिचा संशय. समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा त्या सुमारास न चुकता चहाचा कप घेऊन त्यांच्या खिडकीत यायचे. त्यांनी महिनाभर हा कार्यक्रम बघितला. एकदा ताईने आकडा ऐकून कपाळावर हात मारला तेव्हा त्यांनी पलीकडून हात हलवून धीर दिला.

मग आला भात. "सगळं मूळ भातात आहे," ताई एका रविवारी म्हणाली. तिचा आवाज कापत होता. आम्ही मासे-भात खाणारी माणसं. आमच्याकडे भात नाही म्हणजे जेवण नाही, खाऊन घेतलं असं म्हणतात. पण तिने ठरवलं आणि दोन्ही घरांतला भात बंद झाला.

पहिल्या दिवशी पापलेटाची आमटी समोर आली आणि आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. आमटी कशाबरोबर खायची?

"घावणे करते," ताई म्हणाली.

"घावणे तांदळाचेच असतात, ताई," बायको म्हणाली.

"तांदळाचे असतात गो. पण भात नसतो."

अशा रीतीने आम्ही भात सोडून घावण्यांवर आलो. मग आंबोळ्या. मग तांदळाची भाकरी, वर तूप, कारण तुपाने सांधे मऊ राहतात. भात खायचो तेव्हा पोट भरलं की कळायचं. घावणे मात्र मोजायला कोणी नव्हतं. तव्यावरून एक एक येत राहायचा आणि गरम असतानाच खायला हवा म्हणून आम्ही तो थांबवायचो नाही. एका दुपारी मी अकरा घावणे खाल्ले आणि वर पाण्याचा घोट घेत म्हणालो, "भाताची आठवणसुद्धा येत नाही बघ."

या काळात सातनंतर काही खायचं नाही असाही नियम आला. सातनंतर पोटाचं दुकान बंद होतं, असं एका व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं. मरोळहून मी घरी पोहोचायचोच पावणेसातला. मग त्या पंधरा मिनिटांत बूट न काढता जेवायचं. मुलगी घड्याळ घेऊन शेजारी उभी राहायची आणि क्रिकेटच्या शेवटच्या षटकासारखी ओरडायची, "चार मिनिटं बाकी! अजून भाजी आहे!" इतकं भराभर खाल्ल्यावर पोटाला पत्ता लागायच्या आतच ताट दोनदा वाढून व्हायचं.

मे महिन्यात जे झालं ते मात्र मी कोणालाही सांगत नाही. इथे लिहितोय, कारण बिल्डिंगमधल्या सगळ्यांना ते तसंही माहीत आहे.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका पॅकिंगच्या युनिटमध्ये मी सुपरवायझर आहे. खोकी रचून झाली की त्यांच्याभोवती पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक गच्च गुंडाळतात. ते चिकटत नाही, पण एकमेकांना असं धरून बसतं की खोकं हलत नाही. संपत आलेले रोल फेकूनच देतात. ताईने मला विचारलं, "तुमच्याकडे ते प्लॅस्टिक असतं ना रे?" आणि मला लगेच कळलं की नवा व्हिडिओ आलाय.

पोटाला प्लॅस्टिक गुंडाळायचं, वर बनियन, वर शर्ट, आणि चालायचं. घाम येतो. घामातून चरबी वितळून निघते. "तूप कसं वितळतं? उष्णतेने. मग?"

रविवारी सकाळी तिने आधी मला गुंडाळलं. मी हात वर करून हॉलमध्ये उभा आणि ती माझ्याभोवती फेऱ्या मारतेय. कामाचा उरक तिला पहिल्यापासून. काखेपासून कमरेपर्यंत तिने मला असं बांधलं की आमच्या युनिटमध्ये तिला लगेच नोकरी मिळाली असती. मग मी तिला बांधलं, ड्रेसच्या आतून नाही, वरूनच, आणि त्यावर तिने भावोजींचा जुना स्वेटर घातला. मे महिन्यात. बायको माहेरी गेली होती, नाहीतर हे झालंच नसतं.

बागेत पोचलो तेव्हा नऊ वाजले होते आणि ऊन चांगलं तापलं होतं. आम्ही चालायला लागलो. प्रत्येक पावलाला करकर आवाज. फरसाणाची पिशवी चालल्यासारखा. पुढे चालणारी माणसं मागे वळून बघू लागली. एक कुत्रा आमच्या मागे लागला, भुंकला नाही, नुसता आवाज ऐकत मागे मागे आला.

तिसऱ्या फेरीला मला कानात शिट्टी ऐकू येऊ लागली. "ताई, बसतो जरा," मी म्हणालो. पण बसता येईना. प्लॅस्टिक इतकं ताठ होतं की कमरेत वाकायची सोयच नव्हती. मी बाकाजवळ गेलो, टेकायचा प्रयत्न केला आणि फळीसारखा तिरका होऊन बाकाला टेकून राहिलो. डोळ्यांपुढे अंधारी आली.

ताईने आरडाओरडा केला. झाडाखाली योगासनं करणाऱ्या सात-आठ बायका धावत आल्या. एकीने माझा शर्ट वर केला आणि दोन पावलं मागे सरकली. "अहो, हे काय?"

"प्लॅस्टिक आहे. काढा आधी!" ताई ओरडली.

पण त्या प्लॅस्टिकचं टोक सापडेना. ज्याने हे काम केलंय त्यालाच ठाऊक, टोक एकदा बसलं की गेलं. सगळ्या बायका माझ्या पोटावर नखांनी टोक शोधू लागल्या. मला गुदगुल्या होऊ लागल्या आणि चक्कर येत असतानाच मी हसायला लागलो. त्यामुळे त्या आणखी घाबरल्या. शेवटी एकीला टोक मिळालं. मग दोघींनी मला खांद्यांना धरून गोल गोल फिरवलं आणि तिसरी प्लॅस्टिक ओढत राहिली. आधीच गरगरत होतं, त्यात त्यांनी मला चौदा-पंधरा गिरक्या दिल्या. प्लॅस्टिक संपलं तेव्हा मी सरळ हिरवळीवर जाऊन आडवा झालो.

मग सगळ्यांनी ताईकडे बघितलं. ती स्वेटर घट्ट धरून म्हणाली, "माझं मी घरी जाऊन काढेन."

दोन शहाळी, एक मोठा ग्लास लिंबूपाणी आणि घरी येऊन आणखी तांब्याभर पाणी प्यायल्यावर मला बरं वाटलं. शहाळी प्यायच्या आधी बागेबाहेरच्या मेडिकलमध्ये वजन केलं होतं, एक किलो कमी. ताईचा चेहरा उजळला होता. घरी पाणी पिऊन गॅलरीत पुन्हा केलं. किलो परत आला होता.

माहेरून परतलेल्या बायकोला ही हकिगत लिफ्टमध्येच कळली. ती आम्हाला ओरडली नाही. तिने फोन उचलला आणि घाटकोपरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली.

बाई कसली, आमच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी मुलगी होती. टेबलावर दोन वाट्या, तीन चमचे आणि एक कॅल्क्युलेटर. ताईने बसल्याबसल्या सगळे उपाय सांगून टाकले, लिंबू, मध, घावणे, सात वाजता, प्लॅस्टिक. मुलगी गंभीरपणे ऐकत होती. प्लॅस्टिकचं आलं तेव्हा तिने खाली बघितलं आणि पेन शोधल्यासारखं केलं.

मग ती म्हणाली, "काकू, चरबी कापणारं असं काही खाण्यात नसतंच. लिंबू चांगलं आहे, पण ते पोटातली भांडी घासत नाही. मधात साखरेसारखीच ऊर्जा असते, काका दिवसाला बारा चमचे घेत होते. घामातून पाणी जातं, प्यायलं की परत येतं. आणि परत हे प्लॅस्टिक नको, उन्हात जिवावर बेततं. सातच्या नियमाचंही तसंच, घड्याळापेक्षा दिवसभरात किती गेलं ते महत्त्वाचं."

"आणि भात?" ताईने हळूच विचारलं.

"भात खा की. वाटीभर."

ताईने माझा हात दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंच सांगतो.

"शरीर जेवढं खर्च करतं त्यापेक्षा थोडं कमी खायचं," मुलगी पुढे म्हणाली. "त्याला कॅलरीचा हिशेब म्हणतात. पण आधी तुम्ही किती खाता ते कळायला हवं. आठवडाभर तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहा. काहीच बदलू नका, फक्त लिहा."

"सगळं?" ताईने विचारलं. "चव बघितलेलं धरायचं नाही ना?"

"म्हणजे किती चव?"

"चवीपुरती."

"लिहा काकू. चवपण लिहा."

आठवडाभर आम्ही लिहिलं. माझ्या वहीत पहिल्या दिवशी होतं, "चहा, बिस्किटं दोन." बायकोने वही बघून विचारलं, "दोन?" मग मला आठवलं की दोन खरी, पण दर चहाला दोन, आणि युनिटमध्ये चहा सहा वेळा येतो. मशीन बंद पडलं तर सात. शेंगदाणे मी लिहिलेच नव्हते. माझ्या टेबलाच्या खणात शेंगदाण्यांची पिशवी असते आणि मला प्रामाणिकपणे वाटायचं की उघड्या खणातून जे घेतो ते खाणं नव्हे.

ताईच्या वहीत जेवणाच्या जागी रोज दोन ओळी, अर्धी भाकरी, भाजी. बिचारी चिमणीएवढं खातेय असं वाटावं. आणि खाली, बारीक अक्षरात, "चव." मंगळवारी, ऑर्डर चाळीस वड्यांची, चव: वडे तीन, एक कच्चा वाटला म्हणून चौथा, सुकं दोन वाट्या, कारण पहिल्या वाटीत मीठ कळलं नाही. शुक्रवारी कोलंबी, चव: सोळा. शनिवारी करंज्या, चव: फुटलेल्या सगळ्या.

"किती फुटल्या?" घाटकोपरच्या मुलीने विचारलं.

ताई खिडकीबाहेर बघू लागली. "त्या दिवशी बऱ्याच फुटल्या."

मुलगी कॅल्क्युलेटरवर बेरीज करत गेली. मधेच थांबली, वर बघितलं, परत केली. मग तिने विचारलं, "आणि फोडणीला तेल किती घालता?"

"एक चमचा."

"कुठला चमचा?"

तिने टेबलावरचे तीनही चमचे पुढे केले. ताईने ते असे बघितले जसे बाहुलीच्या भातुकलीतले आहेत. त्या संध्याकाळी बायकोने ताईच्या घरचा चमचा वर आणला. ती चक्क पळी होती, वरणाची. आम्ही ओट्यावर मोजलं. पळीत नऊ छोटे चमचे तेल मावलं. दहावा काठावर राहिला.

ताईने पळी उचलून पदराने पुसली. "आईची आहे ती," ती म्हणाली. "आई असाच एक चमचा घालायची."

"आई चार मैल चालत पाणी आणायची," मी म्हणालो.

"गप रव."

तिने तेल मोजायला सुरुवात केली, मी बिस्किटं. खण रिकामा केला. सकाळी बागेत जाऊ लागलो, साध्या कपड्यांत. योगासनं करणाऱ्या बायका आम्हाला बघून अजूनही हळूच हसायच्या, पण हातही करायच्या. पहिल्या महिन्यात माझे दीड किलो उतरले. ताईचं काहीच नाही. दुसऱ्या महिन्यात माझं एक, ताईचं पाव.

ती वही लिहीत होती, पण चवीचा रकाना आता कोरा होता. मला शंका आली. एका रविवारी दुपारी मी तिच्याकडे डबा द्यायला गेलो तर दार उघडंच होतं. ताई ओट्याशी उभी राहून कढईतून खात होती. चव बघत नव्हती. जेवत होती. भाकरीचा तुकडा मोडून कढईत बुडवत, उभ्याउभ्या, गॅसकडे तोंड करून.

"ताई!" मी ओरडलो. "हे कुठल्या रकान्यात?"

मला वाटलं ती चिडेल, मालवणीत दोन शिव्या देईल. तिने भाकरी खाली ठेवली. "मग काय करू?" ती म्हणाली. "ताट वाढून घेऊन बसले की समोरची खुर्ची दिसते रे. म्हणून मी बसतच नाही. उभ्याने खाल्लं की जेवल्यासारखं वाटत नाही. मग परत थोडं खाते."

मी डबा ओट्यावर ठेवला आणि वर आलो. बायकोला सांगितलं. तिने भांडी घासता घासता ऐकलं, हात पुसले, दुसऱ्या मजल्यावर गेली आणि पाच मिनिटांत परत आली. मागून ताई, हातात स्वतःचं ताट घेऊन.

"ताई आता दोन्ही वेळ आपल्याकडे जेवणार," बायको म्हणाली. "बसून."

"मी सांगितलंय हिला, भाजी मी आणणार," ताई म्हणाली. "तुमची भाजी खाण्यात अर्थ नाही. मीठच नसतं."

त्या दिवसापासून आम्ही चौघं टेबलाशी बसतो. ताई वाटीने भात घेते, वाटीला बोटाने सपाट करते, आणि माझ्या वाटीवर डोंगर आहे का ते बघते. मुलगी तिला कॉलेजच्या गोष्टी सांगते. एकदा बसून जेवली की तिला पुन्हा ओट्याशी जावंसं वाटत नाही. चव मात्र ती अजून बघते, ते तिचं कामच आहे, पण चमच्याच्या टोकाने. चाळीस वड्यांच्या ऑर्डरीला हल्ली ती चाळीसच वडे तळते. पूर्वी ती चव्वेचाळीस तळायची.

घाटकोपरची मुलगी म्हणायची तसं सगळं हळूच झालं. काही आठवडे काटा हललाच नाही. गणपतीत तर तो वर गेला आणि आम्ही तिघांनीही, म्हणजे मी, ताई आणि बाप्पांनी, त्याबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवलं. पण वर्षाच्या शेवटी माझे आठ किलो उतरले होते आणि ताईचे नऊ. माझी साखर खाली आली. ताई दोन मजले जिन्याने चढून वर जेवायला येते आणि दारातच सांगते, "जिन्याने आले हां."

मग बिल्डिंगमध्ये चर्चा सुरू झाली. सहाव्या मजल्यावरच्या एका रिटायर्ड गृहस्थांनी आम्हाला एका संध्याकाळी खाली गाठलं. "ताई, काय घेता तुम्ही?"

ताईने त्यांना सगळं सांगितलं. तेल मोजायचं, भात वाटीभर, बसून जेवायचं, रोज चालायचं, खाल्लेलं लिहायचं. चांगली दहा मिनिटं सांगितलं. गृहस्थांनी मान डोलावली.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण घेता काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काढा, पावडर, काहीतरी असेलच ना. सांगायचं नसेल तर राहू दे."

ताईने परत सांगितलं. तेल, भात, चालणं. त्यांचा चेहरा पडला. मला वर्षभरापूर्वी डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर उभी असलेली ताई दिसली. ताईने इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"पडवळ," ती म्हणाली.

"पडवळ?"

"मंगळवारी. पण उभं चिरायचं. आडवं नाही."

गृहस्थांचे डोळे चमकले. त्यांनी ताईचे आभार मानले, माझेही मानले, आणि तडक बाजाराच्या दिशेने गेले.

वर येताना मी ताईला म्हटलं, "हे काय केलंस?"

"पडवळ वाईट असतं काय?" ती म्हणाली. "खाईना का बिचारा."

साधारण महिना गेला असेल. मरोळला जेवायच्या सुट्टीत आमच्या स्टोअरमधले एक जण डबा घेऊन माझ्याजवळ बसले. राहायला ते अंधेरीला. डबा उघडला तर आत पडवळाची भाजी, लांबच लांब फोडींची, शेवयांसारखी.

"साहेब, तुम्ही बारीक झालात म्हणून सांगतो," ते म्हणाले. "हे उभं चिरून खायचं, मंगळवारी. पोट जातं. आमच्या मेव्हण्याच्या बिल्डिंगमध्ये सगळे खातात."

मी त्यांच्या डब्याकडे बघत राहिलो. मग न राहवून विचारलं, "आणि आडवं चिरलं तर?"

त्यांनी घास थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"मग वाढतं," ते म्हणाले.